नऊ नंबरचा पेपर

लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या उमाशंकर सरांच्या नावावर एकाहत्तर पेपर होते. निम्मे गॅमा किरणांवर, निम्मे फेराइटच्या चकत्यांवर. खरं सांगायचं तर त्यातले पन्नास त्यांनी स्वतःही पुन्हा उघडले नसते. पण नऊ नंबरचा पेपर म्हणजे त्यांचा जीव. मुरुडच्या काळ्या मातीत गॅमा किरण किती अडतात, याचे आकडे त्यात होते. माती घरच्याच शेतातली, आणि पेपरचा दाखला देणारे पार परदेशातले. शुक्रवारी नांदेडला बढतीची मुलाखत होती. तिथं हाच पेपर सगळ्यात आधी पुढं करायचा, हे ठरलेलं होतं.

अडचण एकच, आरती. अर्धापूरच्या केळीवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. तिनं त्याच शेताच्या विहिरीकडच्या अंगाची माती आणली, वाळवली, चाळली, मोजली. आकडा सरांच्यापेक्षा आठ टक्के जास्त आला. सर म्हणाले, ओल राहिली असेल. तिनं पुन्हा वाळवली. पुन्हा आठ टक्के. चार महिने हेच चाललं. सरांनी कधी आवाज चढवला नाही, फक्त वहीवर नजर फिरवून "परत घे" म्हणायचे. पाचव्या खेपेला आकडा तंतोतंत जुळला, तेव्हा त्यांनी सगळ्या विभागाला चहा पाजला.

आरतीच्या प्रबंधात शेतातल्या काळ्या मातीचा फोटो हवा म्हणून रविवारी ते मुरुडला गेले. सडकेच्या बांधाशी उभं राहून मोबाइल काढला, तर थोरले भाऊ रेवणप्पा हसायलाच लागले.

"अरं उमा, हितला फोटू कशाला काढतोस? ही काळी कुठली? हितं आपल्या घरावरच्या माळवदाची पांढरी माती टाकलेली हाय."

"कधी?"

"भूकंपानंतर माळवद उतरवलं न्हाई का? पन्नासेक गाड्या माती निघाली. खताला लई चांगली म्हणून सारी हितंच पांगवली. नांगरून मिसळली, आता वरून काळीच दिसती. तू शिकायला औरंगाबादला होतास, तुला काय ठावं?"

पंधरा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून उतरून, दहा पावलंही आत न जाता, सरांनी याच बांधालगतची माती पिशवीत भरली होती. आपलंच शेत, त्यात विचारायचं काय! काळ्या मातीत लोह जास्त, म्हणून ती किरण जास्त अडवते; माळवदाच्या पांढरीत राख आणि चुना. गॅमा किरणांनी तो फरक तेव्हाच सांगितला होता, सरांनी मात्र ते आकडे मुरुडच्या काळ्या मातीचे म्हणून जगभर पाठवले.

आणि मग बांधावरच त्यांना दुसरी गोष्ट आठवली. आरतीची माती विहिरीकडची होती, अस्सल काळी. मग पाचव्या वेळी तिचा आकडा जुळलाच कसा?

सोमवारी त्यांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. रागावले नाहीत. बांधाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "पाचवं रीडिंग खरं घेतलंस का?"

आरतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई सर. तुमचाच आकडा घातला. आख्खं जग तुमचा पेपर वाचतंय, माझंच काहीतरी चुकून राहिलं असंल, असं वाटलं. आणखी किती दिवस 'परत घे' ऐकू?"

सरांना स्वतःची शरम वाटली. आपला पेपर चुकला याची कमी, या मुलीला खोटं लिहायला आपण शिकवलं याची जास्त. तिला दोष देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि त्यांनी तो दिलाही नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर मुलाखतीसाठीची पेपरांची यादी उघडली, नऊ नंबरची ओळ खोडली आणि जर्नलला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. बढती राहिली तर राहिली.

"चल, आता बरोबरच घेऊ," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हातानं विहिरीकडची माती नळीत भरली, नळी डिटेक्टरसमोर ठेवली. मोजणी संपली. पडद्यावर आकडा आला, तोच, आठ टक्के जास्त. वही उघडी होती, पेन आरतीच्या हातात होतं. पण ती पडद्याकडे बघतच नव्हती. सरांच्या तोंडाकडे बघत होती.

सर बोलले असते तर तिनं तेच लिहिलं असतं. ते उठले, दार हळूच ओढून घेतलं आणि तिचं लिहून होईपर्यंत बाहेर व्हरांड्यात उभे राहिले.