उरलेल्या हंगामापुरता

माझ्या नवऱ्याला लोक जन्मभर ‘कोच’ म्हणत आले, पण ‘हेड कोच’ तो एकाच हंगामात झाला, तोही अर्धा संपल्यावर.

डेल हुडाक ओहायोतल्या पोलाद-कारखान्याच्या गावचा. कॉलेजात तो अमेरिकन फुटबॉल खेळायचा, लाइनमध्ये. लाइनमधली पोरं म्हणजे दांडगी, खांद्यावर थेट डोकं ठेवल्यासारखी. बॉल घेऊन पळणाऱ्याच्या पुढे ती भिंतीसारखी उभी राहतात, समोरून येणाऱ्यांना अंगावर घेतात आणि मॅच संपली तरी बॉलला त्यांचा हात लागत नाही. टाळ्या मागच्याला पडतात. खेळणं संपल्यावर डेल असल्याच पोरांना शिकवायला लागला. आमचं लग्न झालं तेव्हा तो एका कॉलेजात सगळ्यात खालचा कोच होता. मॅचच्या फिल्मा कापायच्या, हेड कोचची गाडी धुऊन आणायची, आणि आम्ही दोघांनी लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायचं. हिवाळ्यातही ती खोली उबदार असायची, एवढं एक सुख होतं.

“मार्सी, दोन वर्षं कळ काढ,” तो म्हणाला होता. “मग बघ.”

त्यानंतर मी आठ गावं पाहिली. या धंद्याची रीतच तशी आहे. हेड कोच हरायला लागला की नोव्हेंबर संपता संपता कॉलेज त्याला काढतं, आणि त्यानं आणलेले सगळे असिस्टंट त्याच्यामागे बाहेर पडतात. त्यात कुणी कुणावर चिडत नाही. थँक्सगिव्हिंगची टर्की पोटात आणि खोकी पुन्हा बैठकीच्या खोलीत, असे सण आम्ही किती काढले! जानेवारीत देशभरचे कोच एका मोठ्या हॉटेलात जमतात. ज्यांची नोकरी गेलीय ते इस्त्रीचे कपडे घालून लॉबीत उभे राहतात, कुणी ओळखीचा हेड कोच हाक मारेल म्हणून. डेलला ते उभं राहणं फार जड जायचं. तिथून फोनवर म्हणायचा, “आज गुरांच्या बाजारात दिवसभर उभा होतो. दात तेवढे कुणी तपासले नाहीत.”

मी प्राथमिक शाळेत शिकवते. राज्य बदललं की माझी शिक्षक-परवान्याची परीक्षा नव्यानं. आमची जिल तिसरीत असताना बाईंनी तिला विचारलं, तू कुठल्या गावची? तर ती म्हणाली, “आत्ताच्या की खरोखरच्या?” बाईंनी ते मला हसत हसत सांगितलं. मीही हसले, आणि गाडीत येऊन बसल्यावर मला रडू आलं.

केंटकीतल्या मार्लोला आम्ही आलो तेव्हा जिल शिकून ओरेगनला गेली होती आणि डेलनं पन्नाशी ओलांडली होती. नदीकाठचं छोटं गाव, छोटं कॉलेज. हेड कोच होता बड मॅक्किलॉप, डेलचा जुना दोस्त, मोठ्या आवाजाचा माणूस. डेल त्याचा लाइन कोच. नवीन पोरं शोधायचं कामही डेलकडेच होतं. त्यासाठी तो मिसिसिपीपर्यंत गाडी हाणायचा, पोरांच्या स्वयंपाकघरात बसायचा, आयांशी बोलायचा. आमच्या कॉलेजची इमारत दाखवण्यासारखी नव्हती, त्यामुळे तो स्वतःचाच शब्द द्यायचा. मिसिसिपीतल्या क्विन्सी टॉलिव्हरच्या आईला, अर्लीनला त्यानं सांगितलं होतं, “तुमचा मुलगा पदवी घेईपर्यंत मी तिथे असेन.”

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, सरावाच्या मधोमध, बड गवतावर बसला. पोरांना वाटलं तो चिडून बसलाय. मग त्याचं तोंड वाकडं झालं. अँब्युलन्स येईपर्यंत डेल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बड वाचला, पण त्याचा उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. कॉलेजचे क्रीडा संचालक लाइल डेलला म्हणाले, “उरलेल्या हंगामापुरतं तू सांभाळ.” डेल ते विचारायला हॉस्पिटलात गेला. बडनं डाव्या हाताचं बोट त्याच्या छातीला लावलं आणि मग दाराकडे केलं. जा म्हणाला.

पहिला शनिवार आम्ही हरलो, आणि चांगलेच हरलो. सोमवारी मी व्हर्नाच्या हॉटेलात गेले, तर ती कॉफी ओतता ओतताच म्हणाली, “काय मिसेस कोच, तुमचे मालक बॉल फेकायला शिकले की नाही? नुसते बैलासारखे मुसंडी मारतायत.”

“निरोप देते,” मी म्हटलं.

“द्या की. सांगा, व्हर्ना म्हणाली, माझी आजीसुद्धा याहून लांब फेकायची.”

डेलला सांगितलं तर तो खो खो हसला. “आजीचा फोन नंबर घेऊन ठेव,” म्हणाला. पण पुढच्या शनिवारी पोरांनी बॉल फेकला, आणि आम्ही जिंकलो. त्याच्या पुढच्या शनिवारीही जिंकलो. मी स्टँडमध्ये बसून खेळापेक्षा डेलकडेच जास्त पाहत होते. कानावर हेडफोन लावून तो मैदानाच्या कडेला मधोमध उभा असायचा. चाल संपली की त्याचे पाय सवयीनं लाइनच्या बाकाकडे वळायचे. चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं की आपली जागा ती नाही, की तो लगबगीनं परत यायचा. आणि परत येऊन उभा राहिला की जरा ताठ व्हायचा. इतक्या वर्षांत त्याला तसा ताठ उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

त्या दिवसांत शाळेतून परतताना मी वाट वाकडी करून मिस प्रुइट यांच्या घरावरून यायला लागले. म्हातारबाई वारल्या होत्या, दारात ‘विकणे आहे’ची पाटी होती, आणि मागच्या अंगणात नासपतीचं म्हातारं झाड होतं. मी कुंपणाशी उभी राहायची. या घराला कसले पडदे लागतील ते मनात मोजायची. डेलला मात्र यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं की विस्कटतं, अशी भीती.

शेवटचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजाशी होता. त्यांना आम्ही कैक वर्षांत हरवलं नव्हतं. थंडी इतकी, की लोक चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या गरम रश्श्याच्या, वाट्या हातात घेऊन बसले होते, खाण्यापेक्षा उबेसाठीच. शेवटच्या मिनिटात क्विन्सीनं दोघांना एकदम आडवं केलं, मागचा पोरगा त्या फटीतून निसटला आणि आम्ही जिंकलो. सगळं स्टँड ओरडायला लागलं, “हुडाक! हुडाक!” क्विन्सीनं डेलला पोत्यासारखा उचलला. टोपी पडली, चष्मा पडला, आणि डेल हवेत पाय झाडत हसत होता. व्हर्ना माझ्या पाठीवर थाप मारून ओरडली, “आता कोण काढतंय बघू याला!”

मंगळवारी लाइलनी त्याला बोलावलं. तो दुपारीच घरी आला आणि स्वयंपाकघरात उभाच राहिला.

“चेस ब्रॅनिगन नावाचा मुलगा आहे,” तो म्हणाला. “चौतीस वर्षांचा. मोठ्या कॉलेजातून येतोय. देणगीदारांना पसंत आहे.”

“आणि तू?”

“मी लाइनला राहावं, अशी त्यांची इच्छा आहे. बाकी सगळ्यांना काढणार. मला ठेवणार.” मग म्हणाला, “लाइल फार चांगलं बोलले गं. कॉफी दिली.”

त्या आठवड्यातच मिनेसोटातल्या एका कॉलेजचा फोन आला. ते मार्लोहूनही लहान, स्टेडियम म्हणजे एका बाजूला लाकडी बाकं. पण त्यांना हेड कोच हवा होता आणि त्यांनी डेलचे सामने पाहिले होते. मी म्हटलं, “जाऊ या. मी खोकी आणते.” खरंच म्हटलं. नासपतीचं झाड मी मनातून काढून टाकलं होतं, किंवा तसं मला वाटत होतं.

डेल म्हणाला, “आधी अर्लीनला भेटून येऊ. हे फोनवर सांगायचं नाही.”

अर्लीन टॉलिव्हर शाळेच्या मेसमध्ये काम करायची. दार उघडून तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं, मग आमच्या गाडीकडे पाहिलं.

“कोच, जेवायला आलात की निरोप घ्यायला?”

“अजून ठरलं नाही.”

“मग आधी जेवा. निरोप काय, उभ्यानंही घेता येतो.”

तळलेला मासा होता, पालेभाजी होती, मक्याचा पाव होता. ती सगळं वाढत गेली आणि डेल बोलत गेला. त्यानं काही झाकलं नाही. ही जागा त्याला किती हवी होती तेही सांगितलं. अर्लीननं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुम्हाला मिळायला हवं होतं ते तुम्हाला मिळालं नाही,” ती म्हणाली. “वाईट झालं. मी टीव्हीवर पाहिलं ना, माझ्या पोरानं तुम्हाला उचललं तेव्हा मी इथे रडत होते. तुम्ही गेलात तर मी शिव्या देणार नाही. पण कोच, परवानगी मागायला आला असाल तर ती माझ्याकडे नाही. क्विन्सी त्या कॉलेजात गेला नाही. तो तुमच्याकडे गेला.”

डेलनं मान खाली घातली.

“पाव घ्या अजून,” ती म्हणाली. “वाळलात.”

परतीच्या वाटेवर टेनेसीत एका पेट्रोल पंपावर त्यानं गाडी थांबवली आणि फोन घेऊन हवा भरायच्या नळीपाशी जाऊन उभा राहिला. मी काचेतून पाहत होते. बोलताना त्यानं टोपी काढून हातात धरली होती, जणू पलीकडचा माणूस समोरच उभा आहे. फार वेळ लागला नाही. परत येऊन त्यानं सीटबेल्ट लावला.

“मिनेसोटात थंडी फार असते,” एवढंच म्हणाला.

मी त्याचा हात धरला. पण खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी नासपतीचं झाड होतं. आनंद इतका झाला की लाज वाटली, आणि लाज वाटली तरी आनंद जाईना.

मिस प्रुइट यांचं घर आम्ही घेतलं. जिल ख्रिसमसला आली तेव्हा सगळ्या खोल्यांतून फिरली आणि म्हणाली, “मॉम, भिंतींना खिळे मारलेत तुम्ही!” आधीच्या घरांत आम्ही कधी मारले नव्हते.

चेस ब्रॅनिगन वाईट निघाला असता तर सोपं गेलं असतं. तो चांगला होता. डेलला विचारल्याशिवाय काही करायचा नाही, सगळ्यांसमोर “हुडाक सर काय म्हणतात बघू” म्हणायचा. डेल पुन्हा लाइनच्या बाकापाशी उभा राहायला लागला. मी पुन्हा त्याच्याकडेच पाहायची. मैदानाच्या कडेच्या त्या मधल्या जागेकडे तो कधी बघत नसे. अगदी ठरवून बघत नसे.

क्विन्सीनं पदवी घेतली. अर्लीन पिवळी टोपी घालून आली होती, आणि तिनं डेलला अशी मिठी मारली की त्याचा टाय फिरून पाठीवर गेला. पुढच्या हिवाळ्यात चेसला मोठ्या कॉलेजनं उचललं. जागा पुन्हा रिकामी झाली. लाइल निवृत्त झाले होते, नवीन समिती होती. डेलनं कपाटातून सूट बाहेर काढला, नवा टाय घेतला. मुलाखतीला गेला आणि तासाभरात परत आला.

“कसं झालं?”

“माझ्या अनुभवाचं फार कौतुक केलं,” तो म्हणाला. त्यावरून मी काय ते समजले.

शनिवारी सकाळी छताच्या पन्हळीत अडकलेली पानं काढायला तो शिडीवर चढला. मी खाली शिडी धरून उभी होते. ओली पानं तो मूठ मूठ खाली टाकत होता. मग त्याचा हात थांबला.

“मार्सी, मला ती जागा हवी होती गं.”

“माहीत आहे.”

“अजून हवी आहे. इतकं वय झालं, तरी.” तो खाली न बघताच बोलत होता. “ते पोरांचं ओरडणं सोड. नुसतं तिथे उभं राहणं. सगळं मैदान एकदम दिसतं तिथून. बाकाजवळून अर्धंच दिसतं.”

मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. थोड्या वेळानं तो पुन्हा पानं काढायला लागला, आणि म्हणाला, शिडी जरा डावीकडे सरकवायला हवी, पुढचा कोपरा राहिलाय.