डॉक्टर गोळी मागायला जातात

डॉक्टर व्लास्तिमिर यांचा घसा बुधवारी बसला, आणि शनिवारी त्यांना उझित्से शहरात साठ डॉक्टरांपुढे भाषण ठोकायचं होतं. विषय: घसा दुखला की लगेच अँटिबायोटिक देऊ नका.

आपल्या घशाला एवढी विनोदबुद्धी आहे, हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. स्वतःच्या नावाने चिठ्ठी लिहायची सोय नव्हती. औषधाच्या दुकानातल्या ड्रागिन्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तीन वर्षं गावाला अँटिबायोटिकविना रिकाम्या हाती परत धाडणारे शहाणे डॉक्टर तर हेच! मग त्यांना त्यांच्या जुन्या पेशंटचा, स्तामेनाआजीचा, स्वयंपाकघरातला ड्रॉवर आठवला. उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पाकिटांशिवाय आमच्याकडे स्वयंपाकघर पुरं होत नाही. डॉक्टर मागच्या दाराने शिरले.

"आजी, त्या ड्रॉवरातल्या दोन-चार गोळ्या..."

"ज्यांच्यावरून नोव्हेंबरात मला झापलंत, त्या?"

"त्याच."

आजीने चष्मा चढवला. "बसा. ताप?"

"सदतीस."

"म्हणजे नाही. खोकला?"

डॉक्टर खोटं बोलणार, तेवढ्यात खोकले.

"आहे. आ करा." चमच्याच्या दांड्याने जीभ दाबून तिने टॉर्च मारला. "पांढरं काही नाही." मग गळ्यावरून बोटं फिरवली. बोटं उबदार होती. "गाठी नाहीत. तुमच्याच दवाखान्यातल्या तक्त्याप्रमाणे गोळीसाठी चारांत शून्य गुण, वर वयाचा एक वजा. डॉक्टर, तुम्ही तर शून्याच्याही खाली!"

"अहो, शनिवारी माझं भाषण आहे!"

"माझ्या नातीच्या लग्नात मला गायचं होतं. तेव्हा काय म्हणालात? आठवड्यात आपोआप बरं होईल. तेही कॉम्प्युटरकडे बघून."

डॉक्टरांना ते लग्न आठवेना. लाज मात्र वाटली.

आजीने लोकरीचे मोजे राकीयात, म्हणजे फळांच्या घरगुती दारूत बुडवून, पिळून त्यांच्या पायात चढवले आणि मध घातलेला फुलांचा चहा पुढ्यात ठेवला. कप रिकामा होईतो ती समोरून हलली नाही. या मोज्यांची टिंगल डॉक्टरांनी साऱ्या गावात केली होती. आता त्यांना त्यात चक्क बरं वाटत होतं.

"मला तरी गोळी कुठं हवी होती?" आजी म्हणाली. "कुणीतरी नीट बघायला हवं होतं. तीन वर्षांत एकदा तरी माझ्या मानेला हात लावलात? नुसते प्रश्न!"

शनिवारी डॉक्टरांनी घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, "मित्रहो, परवा मी एका पेशंटकडे गोळी मागायला गेलो. तिनं दिली नाही." सभागृह खो खो हसलं. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "पण तिनं मला तपासलं."

सोमवारी दवाखान्यात पहिला नंबर स्तामेनाआजीचा होता. घसा बसलेला, दुखणं अर्थातच डॉक्टरांनी दिलेलं. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाठ केली, आणि आधी दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम करून घेतले.