वडिलांबद्दल चार वाक्यं

लिफ्टच्या मिस्त्रीनं आयुष्यात कुणाच्या वस्तूला हात लावला नव्हता. वयाच्या चाळिशीत त्यानं पहिली चोरी केली ती चार वाक्यांची, आणि तीही स्वतःच्या मुलीच्या वहीतून.

त्याचं असं झालं. कंपनीच्या नव्या लिफ्टमध्ये काही बिघडलं की छोट्या पडद्यावर इंग्रजीत सूचना उमटायची आणि मिस्त्री तिच्याकडे नुसता बघत राहायचा. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत इंग्रजी शिकायला जाऊ लागला. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मोठ्या माणसांनाही त्या पोरांसारखंच वागवायच्या. चुकलं तर कधी रागवायच्या नाहीत. पण गृहपाठ केला नसेल तर चष्म्यावरून नुसतं बघायच्या. ते बघणं मिस्त्रीला सोसायचं नाही.

गेल्या शुक्रवारी धडा होता क्वचित घडणाऱ्या गोष्टींचा. बाईंनी फळ्यावर लिहिलं: हार्डली एव्हर, रेअरली, सेल्डम, वन्स इन अ ब्लू मून.

"ब्लू मून म्हणजे निळा चंद्र?" लाँड्रीवाल्यानं विचारलं. "चंद्राला नीळ कुणी घातली?"

वर्ग हसला. तेवढ्यात मिस्त्रीचा फोन वाजला. इस्पितळाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. तो तसाच पळाला. जिना उतरताना बाईंचे शब्द तेवढे कानावर पडले, "घरच्या एका माणसाबद्दल चार वाक्यं. आणि खरी हं!"

मंगळवार उजाडला तरी वही कोरीच होती. सकाळी चहा पिताना त्याला टेबलावर मुलीची वही उघडी दिसली. मुलगी अकरा वर्षांची. तिच्या शाळेतही नेमका हाच धडा चालू होता. तेच चार शब्दप्रयोग, आणि प्रत्येकापुढे गोल अक्षरात एकेक वाक्य. चारही वाक्यांची सुरुवात 'माय फादर'नं. एवढं इंग्रजी मिस्त्रीला येत होतं. पोरीनं आपल्यावर लिहिलंय म्हणून त्याची छाती फुगली. पुढचं समजून घ्यायला वेळ कुठे होता? कामाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला त्यानं अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं आणि तो कामावर निघाला.

संध्याकाळी त्यानं उभं राहून खणखणीत आवाजात चारही वाक्यं वाचली. बाई खूश झाल्या.

"उच्चार छान. आता अर्थ?"

मिस्त्री घुटमळला. लाँड्रीवाल्याला तर अशा वेळी बोलायची हौसच. त्यानं कार्ड ओढून घेतलं आणि एकेक वाक्य उलगडायला सुरुवात केली. "माझे वडील आमच्यासोबत क्वचितच जेवतात. ते माझ्याशी सहसा बोलत नाहीत. मी काय सांगतो, ते बहुतेक कधीच ऐकत नाहीत." तो थांबला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि चंद्राला नीळ लागेल तेव्हा हसतात."

मिस्त्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मशीनच्या खोलीत भर उन्हातसुद्धा असा घाम त्याला कधी फुटला नव्हता.

"वडील आहेत अजून?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही. सहा वर्षं झाली."

"लहानपणी फार एकटं वाटलं असेल तुम्हाला."

"काय माणूस असेल!" लाँड्रीवाला चुकचुकला. "पोटच्या पोराशी बोलायला काय पैसे पडतात?"

आता खरं सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण सगळे इतक्या मायेनं बघत होते की मिस्त्रीनं मान खाली घातली आणि होकारार्थी हलवली. एवढंच. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरी करून घसा बसवून घेतलेला, तरी दारातूनच पोराला हाक मारणारा त्याचा बाप त्या एका मान हलवण्यात दगडाच्या काळजाचा ठरला.

घरी आला तेव्हा मुलगी दप्तर भरत होती.

"बाबा, माझी वही तू घेतली होतीस?"

"कोण म्हणतं?"

"ग्रीसचा अंगठा म्हणतोय." तिनं पानावरचा काळा ठसा दाखवला. मग तो काही बोलायच्या आतच घाईघाईनं म्हणाली, "ते खरं नाहीये हं. टीचरनी लिहा म्हटलं, म्हणून आपलं काहीतरी लिहिलं."

अकरा वर्षांची पोर बापाची लाज राखायला खोटं बोलत होती. मिस्त्रीला कुठे बघावं कळेना.

"खरं आहे गं," तो म्हणाला. "मी ती वाक्यं क्लासमध्ये वाचली."

"सगळ्यांसमोर?"

"त्यांना वाटलं, आजोबांबद्दल आहेत."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. गप्प बसलो."

मुलीचा चेहरा बदलला. "आजोबांवर ढकललंस? माझ्या आजोबांवर?"

तिनं वही दप्तरात कोंबली, चेन ओढली आणि आत निघून गेली. स्वतःबद्दलचं सगळं तिनं बिनबोभाट पोटात घातलं होतं. हे मात्र घालायला ती तयार नव्हती.

पुढचे तीन दिवस मिस्त्री लिफ्टच्या दोरांना वंगण देत होता आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. इंग्रजीत नाही, साध्या आपल्या भाषेत. तेसुद्धा जुळत नव्हतं.

शुक्रवारी तो दारात दिसताच लाँड्रीवाल्यानं बाकावर जागा करून दिली. "या, या! आज आमच्या मिस्त्रींना कुणी काही विचारायचं नाही. बिचाऱ्यानं लहानपणी फार सोसलंय."

"बाई," मिस्त्री दारातच उभा राहून म्हणाला, "मंगळवारची वाक्यं माझी नव्हती. मुलीच्या वहीतून चोरली होती. त्यातले वडील म्हणजे माझे वडील नव्हेत. तो मी."

लाँड्रीवाल्यानं उगीचच पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तीन दिवस आम्ही त्यांना नावं ठेवली," त्या म्हणाल्या. "आता ते कसे होते ते सांगा. आपल्या भाषेत चालेल."

"कंडक्टर होते. घरी आले की मला खिडकीच्या कट्ट्यावर बसवायचे आणि दिवसभरातल्या एकेका प्रवाशाची नक्कल करायचे. सुट्ट्या पैशांवरून भांडणारा, झोपून तीन स्टॉप पुढे गेलेला. मग मला सांगायचे, आता तू तुझ्या मास्तरांची करून दाखव. जेवण निवायचं. आई ओरडायची."

"रोज?" बाईंनी विचारलं.

"रोज."

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मिस्त्री दारातून आत येऊन बाकावर टेकला.

"माझी मुलगी नकला करते का," तो म्हणाला, "मला माहीत नाही."