लाईट गेली तरी चालणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. भंगारात गेलेलो नाही, कपाटावर शोभेलाही ठेवलेला नाही. रोज वाजतो, रोज कुणीतरी मला कानाला लावतं. मग तुला दुःख कसलं, असं तुम्ही विचाराल. दुःख नाही, मित्रांनो, लाज आहे. ती सांगायलाच मी बोलतो आहे.

इगतपुरीच्या पलीकडे, धरणाच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. गावाला लागून नदी आहे, नदीपलीकडे भाताची खाचरं आहेत, आणि मध्ये एक फरशी आहे, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडतात. पाणी सोडण्याआधी धरणावरून पोलीस पाटलाच्या घरी फोन येतो. फोन आला की पाटलाने अंगणातल्या आंब्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा लोखंडी कांबीने बडवायचा. तो ठणठणाट ऐकला की आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, गेलेल्या बायका हातातली रोपं तशीच टाकून फरशीवरून अलीकडे येतात. थोड्या वेळाने फरशी पाण्याखाली जाते. गावात मोबाइल पुष्कळ आहेत, पण रेंज मिळते ती टेकडीवरच्या शाळेपाशी. म्हणून ही सगळी साखळी माझ्यापासून सुरू होते.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालो तेव्हा सायीच्या रंगाचा होतो, आता चहाच्या रंगाचा झालो आहे. टेबलापाशी बसलेल्या एका बाईंनी मला कानाला लावून पाहिलं, मान हलवली आणि खोक्यात ठेवलं. त्यांची ती हललेली मान माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक.

तिथून मी खंडेरावांच्या घरी आलो. ते तेव्हा गावचे पोलीस पाटील होते. माझ्या पाठीतून तांब्याच्या दोन बारीक तारा निघत आणि खांबांवरून, पुढे जमिनीखालून थेट टेलिफोन केंद्रापर्यंत जात. केंद्रात मोठमोठ्या बॅटऱ्या होत्या. माणसांचा आवाज या तारांवरून यायचाच, पण मला लागणारी थोडीशी वीजही त्यांच्यावरूनच यायची. घरातल्या विजेशी माझा काही संबंध नव्हता. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते. पंखा थांबायचा, टीव्ही काळा पडायचा, मी मात्र जागा असायचो.

खंडेरावांना याचा फार अभिमान. पाहुणे बसलेले असताना लाईट गेली की ते अंधारातच रिसीव्हर उचलायचे आणि पाहुण्याच्या कानाला लावायचे.

"ऐका. गाव झोपलं, पण ह्यो जागा हाय. लाईट गेली तरी चालनारा फोन हाय आपला!"

पाहुणा माझा संथ टोन ऐकायचा आणि "खरंच की हो!" म्हणायचा. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, त्या शब्दांनी मी फुगून जायचो. ती वीज माझी नव्हतीच. दूर केंद्रातल्या बॅटऱ्या ती पाठवत होत्या. पण त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि मीही कधी घेतलं नाही.

वर्षं गेली. तांब्याची केबल जुनी झाली. तिच्या जोडांत पाणी शिरायचं आणि माझ्या आवाजात खरखर यायची. खंडेराव निवृत्त झाले आणि त्यांची सून उज्वला रीतसर परीक्षा देऊन गावची पोलीस पाटील झाली. मग यंदा उन्हाळ्यात गावात फायबर आलं. केसासारखी बारीक काचेची तार घरोघरी पोचली. उज्वला त्या दिवशी इगतपुरीला बैठकीला गेली होती. तार जोडायला किशोर नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने टीव्हीच्या बोर्डाशेजारी एक पांढरा डबा बसवला, त्याचा प्लग टीव्हीशेजारच्या सॉकेटात लावून बटण दाबलं आणि डब्यावरचे हिरवे दिवे दाखवले.

"काका, नंबर तोच राहील. आणि फोनही हाच चालेल," तो म्हणाला आणि त्याने माझी दोरी त्या डब्यात खोचली.

काय सांगू! माझ्या वयाचे फोन पोत्यात भरून चालले होते आणि मी राहिलो. खरखर गेली. आवाज असा स्वच्छ झाला की साळूबाई, खंडेरावांची बायको, बहिणीशी बोलताना म्हणाली, "अगं, तू जनू चुलीपाशी बसून बोलती!"

किशोर चपला घालता घालता थांबला. "काका, एक सांगायचं राहिलं. या डब्याला वेगळी बॅटरी लावून घ्या. लाईट गेली की डबा बंद, आणि डबा बंद की फोन बंद."

खंडेराव मोठ्याने हसले. "पोरा, तू जन्मला नव्हता तवापासून बघतोय मी ह्याला. लाईट गेली तरी चालतो ह्यो."

"तो तांब्यावर चालायचा, काका. काच प्रकाश नेते, वीज नेत नाही."

"बरं बरं. चहा घेऊन जा."

किशोर खरं बोलत होता. पण मलाही तेव्हा त्याचा राग आला. माझा अपमान झाला असं वाटलं. साळूबाई आत चहा टाकत होती, तिने यातलं काही ऐकलं नाही. ऐकलं ते खंडेरावांनी आणि मी.

पाऊस लागला, लाईट जाऊ लागली, आणि डब्याचे दिवे विझले की माझ्यातला प्राणही जाऊ लागला. लाईट आली, बटणं लागली की परत यायचा. मधल्या वेळात कुणी मला उचललं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं. पण फोनला स्वतःचं बोलणं नसतं, मित्रांनो. आणि वाजत नसलेला फोन आणि मेलेला फोन, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

आवणी ऐन भरात असताना एका सकाळी लाईट गेली. साळूबाईने नेहमीप्रमाणे घरातली सगळी बटणं बंद केली. लाईट परत येताना झटका येतो आणि त्यात वस्तू जळतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने टीव्हीचं बटण बंद केलं आणि शेजारचं डब्याचंही. नवी वस्तू आहे, जपायला हवी, असं तिच्या मनात. दुपारी लाईट आली. टीव्ही संध्याकाळी लागतो, म्हणून ती दोन्ही बटणं तशीच राहिली. उज्वला ओसरीत बसून माझ्याकडे लक्ष ठेवून होती. धरण भरत आलंय हे तिला माहीत होतं. मी वाजलो नाही, म्हणून ती निश्चिंत होती.

पाणी सुटलं, आणि गावाला ते आरडाओरड्यानेच कळलं. गोरक्षची बायको नवसाबाई डोक्यावर रोपांचा भारा घेऊन फरशीच्या मध्यावर होती. पाणी घोट्यावरून गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून कमरेला आलं. भारा वाहून गेला. तिने फरशीच्या कडेचा दगडी खुंट दोन्ही हातांनी कवटाळला. काठावरून गोरक्षने बैलाचा कासरा सोडून तिच्याकडे फेकला आणि चौघांनी तिला ओढून काढलं. कासरा सुटलेला बैल मात्र बिथरून पाण्यात गेला, तो पुन्हा दिसला नाही. बाकीच्या बायका पलीकडेच अडकल्या, त्यांना लांबच्या पुलावरून वळसा घालून आणावं लागलं.

गोरक्ष ओल्या कपड्यांनीच आमच्या ओसरीवर आला. मागे माणसं जमली होती.

"वहिनी, रूळ का नाय वाजवला?"

"भाऊजी, फोनच नाही आला हो," उज्वला म्हणाली.

खंडेराव तडकले. "धरनावाल्यांनी केलाच नसंल! आपला फोन बंद पडत नाय. लाईट गेली तरी चालतो, साऱ्या गावाला ठावं हाय. हे घे, ऐक!"

त्यांनी रिसीव्हर उचलला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने गोरक्षच्या कानाला लावला.

मी काय ऐकवणार होतो? घरात दिवा जळत होता, पंखा फिरत होता, आणि माझ्यात काही नव्हतं. गोरक्षने थोडा वेळ ऐकलं. मग रिसीव्हर त्यांच्या हातात परत दिला.

"पाटील, ह्यात काय नाय," तो हळूच म्हणाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

उज्वला माझ्या दोरीमागोमाग डब्यापर्यंत गेली. दिवे विझलेले. तिचं बोट बटणावर थांबलं.

"म्या बंद केलं गं," दारातून साळूबाई म्हणाली. "झटका येतो म्हनून. फोन त्याच्यावर चालतो, मला काय ठावं?"

"म्हातारे, बैल घालवला तू! बाई गेली असती!" खंडेराव ओरडले.

साळूबाईने पदर तोंडाशी धरला आणि ती भिंतीला टेकली. उज्वला सासऱ्यांकडे वळली.

"आबा, आई जन्मभर बटणं बंद करतायत. तेव्हा कधी फोन मेला नव्हता. मग आज कसा मेला? तो फोनवाला तुम्हाला काही बोलला होता का?"

ते उत्तर आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकालाच बोलता येत होतं. खंडेरावांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. गोरक्ष पायरी उतरायला लागला.

"गोरक्षा, थांब." खंडेराव खाली बसले. "तो पोरगा सांगून गेला व्हता. लाईट गेली की ह्यो बंद, बॅटरी लावा म्हनून. म्या हसलो त्याला. घरात कुनाला सांगितलं नाय. म्हातारीचा काय दोष नाय."

दुसऱ्या दिवशी उज्वलाने किशोरला बोलावून बॅटरी बसवली. साळूबाईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून डब्याच्या बटणाभोवती घट्ट गुंडाळली. खंडेराव आपला एक बैल गोरक्षच्या दावणीला बांधून आले. गोरक्षने बैल ठेवून घेतला, पण आमच्या ओसरीवर तो अजून चहाला टेकत नाही. आणि खंडेराव आता पाहुण्यांना माझ्याबद्दल काही सांगत नाहीत.

मित्रांनो, मी नव्याची निंदा करत नाही. काचेची तार चांगली आहे, माझा आवाज तिच्यामुळेच स्वच्छ झाला. पण जुनी वस्तू काढताना ती न बोलता कोणतं काम करत होती, हे एकदा विचारा. उत्तर सांगणारा माणूस चपला घालत असला तरी त्याला परत आत बोलवा. आणि वस्तू दिसायला तीच आहे म्हणून ती तीच आहे असं समजू नका. मी तोच दिसत होतो, आणि माझ्या त्या दिसण्यानेच सगळ्यांना फसवलं.

आता आवणीच्या दिवसांत सकाळी नवसाबाई आमच्या ओसरीत येते. पलीकडे जाणाऱ्या बायका अंगणात थांबतात. ती कुणाला विचारत नाही. मला उचलते, कानाला लावते आणि डोळे मिटून टोन ऐकते. तिच्या तळहातावर त्या दगडी खुंटाचे ओरखडे अजून आहेत, ते मला लागतात. ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मग मला जागेवर ठेवून ती अंगणाकडे वळून सांगते,

"जिता हाय. चला गं."

तेव्हाच त्या नदी ओलांडतात.