सपाट जमिनीवरचा कडा

परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि श्रीविद्याला त्या चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकातला एक प्रसंग काही केल्या उमगत नव्हता. तंजावरजवळच्या तिरुवैयारु गावातल्या घरी ती पुस्तक घेऊन शेषम्मा आत्याजवळ बसली. आत्या मुलींना वीणा शिकवायची. नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची दृष्टी गेली, पण शिकवणं सुटलं नव्हतं.

"आपल्या तंजावरी मराठीत सांग," आत्या म्हणाली.

श्रीविद्या अडखळत, मधेमधे तमिळ घालत सांगू लागली. एका म्हाताऱ्या सरदाराचे शत्रूंनी डोळे काढलेत. त्याला जगायचं नाही. वाटेत भेटलेल्या भिकाऱ्याला तो म्हणतो, मला समुद्रावरच्या उंच कड्यापाशी ने. तो भिकारी म्हणजे वेष पालटलेला त्याचाच मुलगा. मुलगा त्याला सपाट माळावर नेऊन उभा करतो आणि सांगतो, हा बघा कडा, आता एकच पाऊल उरलं. खाली माणसं केवढीशी दिसतात तेही सांगतो.

"आणि समुद्र? त्याची गाज नको ऐकू यायला?"

श्रीविद्यानं पान पुन्हा पाहिलं. "इतक्या उंचावर लाटांचा आवाज पोचत नाही, असं सांगतो तो."

आत्या ताठ बसली. "असं सांगतो? शहाणा गं पोरगा!"

"मग म्हातारा उडी मारतो आणि जमिनीवरच पडतो. मुलगा आवाज बदलून म्हणतो, एवढ्या उंचावरून पडूनही वाचलात! तेव्हा म्हातारा जगायचं ठरवतो. कृष्णमूर्ती सरांनी लिहून दिलंय, आंधळेपण हे ज्ञानाचं प्रतीक. डोळे गेल्यावर त्याला खरं दिसू लागतं."

"डोळे गेल्यावर काही दिसत नाही. मज विचार."  आत्या म्हणाली, "माझे डोळे गेले त्या वर्षी मी तुझ्या अप्पास म्हटलं, मज कावेरीच्या पाण्यापर्यंत सोड आणि परत जा."

श्रीविद्याचं बोट पानावरच थबकलं.

"वैशाख होता. तो हात धरून निघाला. किती वळणं, किती चाललो! मग म्हणाला, अक्का, आलो. दोन्ही काठ भरून पाणी वाहतंय, पलीकडे नारळ वाकलेत, एक बगळा बसलाय. बोलतच सुटला. मी पाऊल टाकलं. पायाखाली तापलेली वाळू."

"तुला कळलं नव्हतं?"

"जन्मभर स्वर ऐकले मी. पाणी कोठेंच वाजत नव्हतं. पण त्याचा आवाज कापत होता गं. त्या आवाजासाठी पाऊल टाकलं आणि त्यासाठीच परत आले. आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही." तिनं हात पुढे करून पुस्तकाचं पान चाचपलं. "हे लिहिणारा कोण कुठला! त्याला कसं ठाऊक?"

श्रीविद्याच्या ध्यानात आलं: हे नाटक तर रंगमंचावर व्हायचं. तिथंही कडा नव्हता, नुसत्या फळ्या होत्या. कडा उभा केला होता तो शब्दांनी, आणि आंधळ्या म्हाताऱ्याइतकेच डोळस प्रेक्षकही त्याच्या टोकावर उभे होते. वर्गात लिहून घेतलेलं 'प्रतीक' तिला फार लहान वाटलं.

संध्याकाळी अप्पा मोपेडवरून आले. ते पाटबंधारे खात्यात होते. कुठला कालवा कधी कोरडा, हे त्यांना तोंडपाठ. कॉफीचा पेला हातात देऊन श्रीविद्यानं हळूच विचारलं, "अप्पा, त्या दिवशी आत्याला कुठं नेलं होतं?"

अप्पांनी दाराकडे पाहिलं. आत मुलींचा धडा चालू होता.

"तिनं सांगितलं?"

"हो. तिला तेव्हाच कळलं होतं, अप्पा."

पेला त्यांच्या हातात तसाच राहिला. "आपल्याच शेतामागचा कोरडा कालवा," ते म्हणाले. "तासभर गोल गोल फिरवलं. सगळं सांगता येत होतं मज, फक्त पाण्याचा आवाज कुठून आणू? म्हणून बोलायचं थांबलोच नाही. थांबलो असतो तर तिला शांतता ऐकू आली असती."

 श्रीविद्यानं आतून पुस्तक आणलं, त्यांच्याशेजारी पायरीवर बसली आणि तो प्रसंग पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली.