एन्योनामचे हात आणि लाल दिवा

आरोग्य केंद्राच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवस सोमवारचा, गोवरच्या लशीचा होता, पण पोराला टोचून घ्यायला एकही आई पुढे येत नव्हती. सगळ्यांचे डोळे खिडकीतून आत, लशीच्या फ्रिजवर बसवलेल्या डब्याकडे लागले होते. फ्रिजमध्ये ऊब वाढली की भोंगा वाजवायचा, एवढंच त्या डब्याचं काम. त्याचा दिवा हिरवा असायला हवा, तो सकाळपासून लाल होता, म्हणजे डबाच बंद पडला होता.

पांढऱ्याशुभ्र झग्यातले, प्रार्थनेने भुतं काढणारे प्रॉफेट सेनानू डब्यासमोर डोळे मिटून उभे होते. "याच्या पोटात परका आत्मा बसलाय," ते म्हणाले. "आधी त्याचं खाणं तोडा." आणि स्वतःच डब्याची वायर उपटली. मग गाणं झालं, टाळ्या झाल्या, डब्याच्या डोक्यावर तेल झालं. "आता घाला खायला." वायर परत खोचली. दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला. बायकांनी तोंडावर हात ठेवले, एक म्हातारी तर रडायलाच लागली.

भिंतीला टेकलेल्या झीफाने टाळी वाजवली नाही. हा डबा ‘हो’ नावाच्या शहरातल्या तिच्या वर्कशॉपमध्ये बनलेला. दर सोमवारी बंद पडतो अशी तक्रार आली म्हणून ती सकाळच्या ट्रोट्रोने, खच्चून भरलेल्या प्रवासी व्हॅनने, धक्के खात आली होती. तिच्या टेबलावर तो एकदाही बंद पडला नव्हता, आणि इथे बाटलीभर तेलाने सुरू झाला होता. तिचं डोकं चालेना.

"आत्मा गेला," प्रॉफेट म्हणाले, "पण ज्या हातांतून तो आला, ते हात इथेच आहेत. नर्सबाईंनी हात लावला की यंत्र मरतं. त्यांच्या मदतनीस गामेलीने लावला की नाही मरत. खोटं का, तोग्बे?"

गावचे मुखिया तोग्बे खाली बघत होते. "खरं आहे. सगळ्यांनी पाहिलंय," ते म्हणाले. "सिस्टर, दुपारच्या गाडीने तू जा. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे."

नर्स एन्योनाम दारात उभी होती. तिच्याही हातांना प्रॉफेटनी तेल चोपडलं होतं. "तोग्बे, तुमची नात याच हातांत जन्मली," ती म्हणाली.

पोरं वाचवायला केलेला डबा एका बाईच्या जिवावर उठला होता. झीफा गर्दीतून वाट काढत पुढे गेली. "सिस्टर, सोमवारी तुम्ही याला नेमकं काय करता?"

"डब्यावर तुम्हीच जी सूचना चिकटवलीय तेच. आठवड्यातून एकदा बटण दाबून पुन्हा सुरू करा, वायर कधीही उपटू नका. मी बटण दाबते."

"आणि तू रे, गामेली?"

गामेली ओशाळला. "मी कशाला खोटं बोलू, मॅडम? बटण शोधत कोण बसतंय? वायर उपटतो, परत घालतो."

झीफाला एकदम आपलं टेबल आठवलं. तिथेही सगळे वायरच उपटायचे. बटण दाबून कुणी पाहिलंच नव्हतं.

"प्रॉफेट, एक विनंती," ती म्हणाली. "तुमचे हात पवित्र आहेत ना? मग हे बटण तुम्ही दाबा. वायरीला मात्र हात लावायचा नाही."

"देवाची परीक्षा घेऊ नये, मुली."

"परीक्षा बटणाची आहे."

तोग्बेंनी मान डोलावली. आता प्रॉफेटना माघार घेता येईना. त्यांनी बाटलीतलं उरलंसुरलं तेल ओतलं, बटण दाबलं. दिवा लाल झाला. गाणं म्हटलं, वरच्या पट्टीत म्हटलं. दिवा लालच.

"आता सिस्टर, तुम्ही. वायर काढा आणि थोडं थांबून घाला. गाणं नको."

एन्योनामने वायर काढली, थोडं थांबून घातली. दिवा हिरवा झाला.

मग मघाची रडणारी म्हातारी म्हणाली, "मला आत्ता आठवलं. हा प्रॉफेट आधी लॉरी स्टँडवर मोबाइल दुरुस्त करायचा. माझ्या फोनची बॅटरी काढायचा, फुंकायचा, परत घालायचा. तेव्हा तेल नव्हतं लावत." कुणीतरी फिसकन हसलं. प्रॉफेट झगा सावरत फाटकाकडे निघाले.

झीफाने डबा उघडून नखाएवढं मेमरी कार्ड दाखवलं. "याचं सगळं शहाणपण यात आहे. सुरुवातीला कार्ड आणि डबा जास्त व्होल्टवर बोलतात. ओळख पटली की दोघं कमी व्होल्टवर येतात, म्हणजे कुजबुजतात, कारण तसं भरभर बोलता येतं. बटण दाबलं की डबा सगळं विसरतो आणि पुन्हा मोठ्याने हाका मारतो. पण कार्डाची वीज तुटलेलीच नसते. ते बसतं कुजबुजत. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. वायर काढली की दोघंही पहिल्यापासून सुरू करतात. कार्डाची वीज तोडायला आत वेगळा स्विच आहे, आम्ही त्याला कायम चालू राहायला सांगून ठेवलं होतं. चूक आमची, सिस्टरची नाही. त्यांनी तर आम्ही सांगितलं तेवढंच इमानाने केलं."

तिने लॅपटॉप जोडून डब्याच्या प्रोग्राममधली ती एक ओळ बदलली, आता बटण दाबलं की तो स्विचही बंद होऊन सुरू होणार होता. मग एन्योनामने बटण दाबलं. दिवा विझला आणि हिरवा होऊन परत आला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा हिरवा.

"उद्या दुसरं काही बिघडेल," झीफा लोकांना म्हणाली. "यंत्रं बिघडतातच. तेव्हा हात कुणाचा ते शोधू नका. हाताने काय केलं ते विचारा. आज कुणी एवढंच विचारलं असतं, तर ही बाई अशी दारात उभी राहिली नसती."

तोग्बे उठले. सुनेच्या पाठीवरून नातीला सोडवून त्यांनी ती एन्योनामच्या पुढ्यात धरली. त्यांच्यामागे रांग लागली. पण सगळ्या आया थांबल्या नाहीत. तिघीचौघी पोरांना पाठीशी घट्ट बांधून फाटकाबाहेर पडल्या, मागे वळूनही न पाहता.

एन्योनाम साबणाने हात चोळत त्यांच्याकडे बघत राहिली. "त्यांच्या घरी मी संध्याकाळी जाते," ती म्हणाली. "गोवर काही थांबणार नाही."

"दार उघडतील?" झीफाने विचारलं. "या हातांना?"

"माझ्याकडे हेच आहेत," एन्योनाम म्हणाली, आणि तिने तोग्बेंच्या नातीला जवळ घेतलं.