सव्वा मूठ

"कैवल्य भूपेंद्र!"

हिलालआप्पांनी शेवटचं नाव पुकारलं आणि धुरपदाबाईने गोणीतून मूठ भरून पांढऱ्या धोतरावरच्या राशीत सोडली. मुठीमागून चिमटीत मावतील तेवढे आणखी दाणे. सव्वा मूठ. महिन्याभराच्या पोराची ती पहिलीच मूठ, म्हणून खोलीतल्या बायांनी कौतुकाने माना डोलावल्या. नव्याने आजोबा झालेल्या आप्पांनी उगाचच मिशीवरून हात फिरवला.

"झालं. बांधा आता," ते म्हणाले.

धुरपदाबाईने बांधलं नाही. तिने पुन्हा गोणीत हात घातला.

"सिरानुश," ती मोठ्याने म्हणाली आणि मूठ सोडली. वरची पावही सोडली. "लुसिने." दुसरी. "आनी." तिसरी.

खालच्या गल्लीत टेम्पोवाला गुजरातीत कुणाला तरी शिव्या देत होता, त्या आता खोलीत सगळ्यांना नीट ऐकू आल्या.

कानबाई ही खानदेशची देवी, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटाचा गहू असाच मापायचा असतो. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नाव घरातल्या मोठ्याने पुकारायचं, मूठ जिच्या घरी यंदा कानबाई बसणार तिने सोडायची. तो गहू जात्यावर दळायचा, त्याचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्यापाजाऱ्याला तुकडा द्यायचा नाही, लेकीच्या सासरीही धाडायचा नाही. सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या हौदांवर उभी हयात गेली होती, पोरं घरात गुजराती बोलायला लागली होती, पण कानबाईच्या बाबतीत हे कुळ आपल्या गावाच्या, शिरपूरच्या शिवेबाहेर एक पाऊल टाकायला तयार नव्हतं.

आणि आता राशीवर तीन परकी नावं पडली होती. तीही बायांची.

धुरपदाबाईचा धाकटा गोपाल आधी इथेच हिरे घासायचा. धंदा बसला तेव्हा ओळखीच्या शेठने त्याला आर्मेनियात, येरेवानच्या एका कारखान्यात धाडला. तिथे त्याच्या खोलीसमोरच्या खोलीत ही सिरानुश राहत होती, सून लुसिने आणि नात आनीला घेऊन. त्या येरेवानच्या नव्हत्या. त्यांचा मुलूख आर्त्साख, डोंगरातला. तो दोन वर्षांपूर्वी लढाईमुळे आठवड्याभरात रिकामा झाला आणि लाखभर माणसं घरंदारं टाकून आर्मेनियात आली. निघायच्या दिवशी सिरानुशने पावाची कणीक मळून फडक्याखाली झाकून ठेवली होती. ती फुगायच्या आत गाडीत चढावं लागलं.

हे गोपालने सांगितलं, तेव्हा धुरपदाबाईला त्या लढाईतलं बाकी काही कळलं नाही. कोण चूक, कोण बरोबर, काही नाही. झाकून ठेवलेली कणीक मात्र कळली. ती दोन दिवस जेवताना एकदम थांबायची.

मग दर रविवारी गोपालच्या फोनवर दोघी म्हाताऱ्या बोलायला लागल्या. ही अहिराणीत, ती तिच्या भाषेत, आणि मध्ये बोलणं पोचवता पोचवता गोपाल दोन्हीकडून बोलणी खायचा. सिरानुश आपली चादरीएवढी पातळ रोटी कॅमेऱ्यासमोर धरायची. धुरपदाबाई खापरावरचा मांडा हातावर झुलवत दाखवायची आणि म्हणायची, "तिला सांग, माझ्या मांड्यातून पलीकडचं दिसतं!"

उन्हाळ्यात गोपालने सांगितलं की भाड्यासाठी सरकार देत होतं ती मदत आटत चालली आहे, आणि घरमालकाने बर्फ पडायच्या आत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं आहे. त्या इमारतीत अशी आणखीही बिऱ्हाडं होती. धुरपदाबाईने फोन ठेवला आणि पदर खोचला. साड्यांना लेस लावायच्या कामावरच्या बाया तिने गोळा केल्या. रविवारी दारासमोर चूल मांडून मांडे विकले, उरलेल्या वेळी गल्ल्या पालथ्या घातल्या. कुणी दिलं, कुणी हसलं. एका किराणावाल्याने विचारलं, "आर्मेनिया म्हणजे? आर्मीवाले का?"

"नाही हो. बायाबापड्या आहेत. म्हणजे आर्मीपेक्षा जास्त द्या," ती म्हणाली, आणि घेतल्याशिवाय हलली नाही.

एवढं करूनही हिवाळा निघेल इतके पैसे जमले नव्हते. आणि इकडे तिच्याच देवघरातल्या डब्यात भाऊबंदांची कानबाईची वर्गणी होती. मिरवणुकीला डीजे आणायचा म्हणून जमवलेली. मागच्या बैठकीत तिने तोंड उघडलं की यंदा डीजे नको, ते पैसे तिकडे पाठवू. आप्पा हसले होते.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! खाडी भरली की आपल्याच घरात पाणी शिरतं. आपल्याला कोण देतं?"

"म्हणून आपणही द्यायचं नाही?"

"कानबाईचं ते भाऊबंदांचं, गोपालची माय. ज्याच्या नावाची मूठ पडते, त्याचाच त्या पैशावर हक्क. बाहेर दाणा जात नाही, तिथे रुपया कसा जाईल?"

धुरपदाबाई "बरं" म्हणाली होती. आप्पांना वाटलं, विषय मिटला.

"हाई काय शे?" आप्पा आता गरजले. चिडले की ते सुरतेतली सगळी वर्षं विसरून थेट अहिराणीत येत. "कोना नावं ह्या?"

"भाऊबंदांची. मूठ पडली की हक्क लागतो, तुम्हीच म्हणालात. पडली."

"काकी, शुं मस्करी करो छो?" आप्पांचा भूपेंद्र फोनमधून मान वर काढत म्हणाला. "डीजेवाल्याला टोकन देऊन बसलोय मी."

"गेलं तर जाऊ दे टोकन. तुझ्या डीजेने मागच्या वर्षी काचा तडकल्या. आणखी काय झालं?"

"आणि नावं तिघींची. बाकीच्या बिऱ्हाडांचं काय करशील?" आप्पांनी विचारलं.

"सिरानुशच्या हातात गेलं की ती वाटेल. बाई आहे ती."

कोपऱ्यात कुणीतरी पदराआड हसलं. आप्पांनी तिकडे पाहिलं तसं हसू थांबलं. मग त्यांनी आवाज मुद्दाम खाली आणला. समजूत काढायची त्यांची ही पद्धत होती, आणि ओरडण्यापेक्षा घरातले सगळे तिलाच जास्त घाबरत.

"हे बघ. गोपालवर त्यांनी काही उपकार केले असतील तर सांग. फेडून टाकू. तेवढी दानत आहे आपली."

"काही उपकार नाहीत. पोरगा साखर मागायला गेला तर तिच्या घरात साखरच नव्हती. उपकार असते तर ते देणं झालं असतं, आप्पा. देण्यासाठी मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं नसतं, हातातली पाटली विकली असती."

"मग कशाला हा खटाटोप?"

"थंडी पडणार आहे म्हणून."

आप्पा दुसरीकडून आले.

"बरं, चल. पण ही बायांची नावं! आपल्या कुळात बाईची मूठ कधी पडली? माझ्या मायची नाही पडली. तुझी तरी पडली का?"

"पुरुष असते त्या घरात तर त्यांची टाकली असती." धुरपदाबाईचा आवाज फाटला. तिला रडू येत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. "एकुलता एक होता तिचा, तो लढाईत गेला. त्याच्या नावाची टाकू? मेलेल्याची चालत नाही. आमचे मालक गेले त्याच वर्षी तुम्ही त्यांची मूठ बंद केली, मी एक शब्द बोलले नाही. मग आता जी जिती आहे तिच्याच नावाची पडणार ना?"

"काढ त्या मुठी."

"नाही."

"काढ सांगतो! नाही तर यंदाची कानबाई उचलून माझ्या घरी नेतो. मग बस एकटी, त्या आर्मेनियावाल्यांना घेऊन."

हे नुसतं बोलणं नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कानबाईची पाळी कितीतरी वर्षांनी या घरी आली होती. धुरपदाबाईचा नवरा वाट पाहता पाहता गेला. बसवायला आलेली देवी ज्या घरातून उठते, त्या घरी उद्या गोपालच्या लग्नात अक्षता टाकायला कोण येणार? धुरपदाबाईने नव्याने चुना दिलेल्या भिंतीकडे पाहिलं, दारात बांधायला आणून ठेवलेल्या केळीच्या खुंटांकडे पाहिलं.

"न्या," ती म्हणाली. "शेंडी तुटो की पारंबी तुटो. मी तरी काढणार नाही. तुम्हाला काढायच्या तर काढा. त्या बघा, वरच आहेत."

खरंच वर होत्या. राशीच्या माथ्यावर तीन छोट्या टेकड्या, बोटाने वेचून काढता येतील अशा. आप्पा पुढे वाकले.

त्यांच्या आधी भागीरथी वाकली. भागीरथी म्हणजे आप्पांची बायको, धुरपदाबाईची थोरली जाऊ. नवऱ्यासमोर तिने आवाज काढलेला भाऊबंदांत कुणी ऐकला नव्हता. आजही तिने तो काढला म्हणावा असा काढला नाही.

"खडे आहेत वाटतं," ती पुटपुटली.

आणि दोन्ही हात कोपरापर्यंत राशीत घालून तिने गहू खालीवर केला. तळाचा वर आणला, वरचा तळाला नेला. कडेचा मधे ओढला. कणीक मळावी तशी सावकाश, जोर लावून. मग हात झटकले, बांगड्या मागे सारल्या आणि आपल्या जागी जाऊन बसली.

"नाहीत खडे," ती म्हणाली.

आप्पा बायकोकडे पाहतच राहिले. मग त्यांना संताप आवरेना. त्यांनी राशीत हात खुपसला आणि मूठ भरून बाहेर काढली.

"ह्या घे! काढ्यात!"

"कुणाच्या काढल्या?" धुरपदाबाईने विचारलं.

"अरे, गहू तो गहू," भूपेंद्र म्हणाला. "तीन मुठी काढा बाबा, हिशेब बराबर."

"कुणाच्या तीन, भूपेंद्र? तुझी आली असेल त्यात? आप्पांची स्वतःची? की आज पहिल्यांदा पडली त्याची?"

उंबऱ्यापाशी भूपेंद्रची बायको योगिता बाळाला मांडीवर थोपटत बसली होती. तिचा हात थांबला. तिने बाळ उचलून छातीशी धरलं.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "ठेवा ना ते परत."

भूपेंद्रने फोन खिशात घातला.

आप्पा मूठ आवळून उभे होते. नाव घेऊन राशीत पडलेला गहू फेकता येत नाही, बाजूला ठेवता येत नाही, कोंबड्यांना टाकता येत नाही. हे सगळं त्यांनीच वर्षानुवर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. त्यांनी एकदा नातवाकडे पाहिलं. मुठीच्या फटीतून एक दाणा निसटला तसा त्यांनी दुसरा हात झटकन खाली धरला. तो दाणा तळहातावर झेलला. मग ते खाली बसले आणि मूठ राशीवर नेली.

"आप्पा," धुरपदाबाई म्हणाली, "बिननावाची मूठ पडत नाही."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर नजर खाली वळवली असती. तिने वळवली नाही. भागीरथी आपल्या बांगड्या मोजल्यासारखं करत होती.

आप्पा खाकरले.

"काय ते नाव म्हणालीस?"

"कुणाचं?"

"म्हातारीचं!"

"सिरानुश."

आप्पांनी ते एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग छाती भरून घेतली आणि बाकीची नावं पुकारली होती त्याच आवाजात पुकारलं.

"शिरानूस!"

मूठ उघडली. हात लांब करून त्यांनी गोणीतून चिमूटभर गहू घेतला आणि वरची पाव सोडली.

धुरपदाबाईने पदराने नाक पुसलं आणि बांधायला म्हणून धोतराची टोकं हातात घेतली.

"थांब!" आप्पा ओरडले. "एवढी घाई काय? तू टाकलेल्या मी धरत नाही. नाव मोठ्या माणसाने पुकारायचं असतं. पुढचं सांग."